घरट्याला दिलेले संरक्षण काढून घेण्याबाबत

कासुर्डी, ता. दौंड, जि. पुणे
दि. १८ मे २०२५

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
माळरान पक्षी संरक्षण कक्ष,
दौंड व शिरूर तालुके.

विषय : कासुर्डीच्या माळावरील धाविक पक्ष्याच्या घरट्याला दिलेले शासकीय संरक्षण येत्या गुरुवारपूर्वी काढून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्या अर्जांवर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही, जिच्यामुळे हा चौथा अर्ज करावा लागत आहे.

महोदय,

मुद्द्याकडे वळण्याआधी एक विनंती आहे. क्षणभर आपण कावळा आहात अशी कल्पना करावी. यात अनादर मुळीच नाही. मी प्राथमिक शिक्षक होतो आणि उभ्या नोकरीत मुलांना असेच शिकवत आलो. मुले कधी मुंगी झाली, कधी विहिरीतला बेडूक झाली, आणि त्यात कोणाचा मान कमी झाला नाही.

तर आपण माळाच्या कडेला विजेच्या तारेवर बसला आहात. भूक लागली आहे. खाली तांबूस मुरूम, वाळलेली कुसळी, मेंढ्यांच्या लेंड्या आणि खडे. त्या खड्यांत कुठेतरी दोन अंडी आहेत, पण ती खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची असल्याने आपल्याला दिसत नाहीत. आपण कंटाळून उडण्याच्या बेतात आहात. इतक्यात एक जीप येते. एक मनुष्य उतरतो, बरोबर त्या अंड्यांभोवती पांढऱ्या फक्कीचा गोल काढतो, शेजारी काठीला लाल निशाण बांधतो आणि पाटी रोवतो : 'येथे पक्ष्याचे घरटे आहे.' आपल्याला वाचता येत नाही. पण महोदय, आता वाचण्याची गरज तरी उरली आहे का?

एवढी कल्पना आपण केली असेल, तर माझी तक्रार आपल्याला कळली. केली नसेल, तर पुढीलप्रमाणे सविस्तर सादर करतो.

१) धाविक हा टिटवीहून लहान, उंच पायांचा, विटकरी छातीचा पक्षी आहे. चार पावले धावतो, थांबतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. तो झाडावर बसत नाही. घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि उन्हात त्यांच्यावर सावली धरून उभा राहतो. आमच्या माळावर पूर्वी त्याच्या जोड्या सहज दिसत. आता एकच जोडी उरली आहे. निवृत्तीनंतर मी दर रविवारी गावातील मुलांना माळावर घेऊन जातो, म्हणून हे मला ठाऊक आहे.

२) मार्च महिन्यात वृक्षलागवडीचे खड्डे खणणारे यंत्र माळावर आले. मुलांना धाविकाची अंडी सापडलेली होती. मी पहिला अर्ज केला. मागणी एवढीच होती, की खड्ड्यांची ओळ त्या जागेवरून चार हात बाजूला सरकवावी. ओळ सरकली नाही. परंतु आपल्या कक्षाने घरट्यास संरक्षण दिले. ते कसे, हे वर आलेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर कावळा बसलेला होता आणि गोलात फक्त टरफले होती.

३) मी दुसरा अर्ज केला आणि खुणेमुळे अंडी गेली असे नम्रपणे कळवले. आपल्या कक्षाने यावरून संरक्षण अपुरे पडले असा निष्कर्ष काढला. त्या जोडीने पुन्हा अंडी घातली, तेव्हा गोल मोठा झाला, पाटी मोठी झाली आणि चारी बाजूंनी लोखंडी जाळी आली. धाविक घरट्यावर उडत येत नाही. लांब उतरतो आणि धावत येतो. मादी धावत आली ती जाळीपाशी थांबली. जाळीला फेऱ्या घालत राहिली. अंडी आत आणि ती बाहेर, भर एप्रिलचे ऊन, वर सावली धरणारे कोणी नाही. मुले रडू लागली, म्हणून मी त्यांना घरी नेले. ती अंडी कावळ्यानेही खाल्ली नाहीत. ती उन्हात आतल्या आत शिजली.

४) तिसऱ्या अर्जात मी जाळी काढण्याची विनंती केली. तो अपूर्ण म्हणून परत आला. आपल्या विहित नमुन्यात घरटे असलेल्या झाडाची जात आणि घरट्याची जमिनीपासूनची उंची हे रकाने आहेत. मी 'झाड नाही' आणि 'उंची शून्य' असे लिहिले होते. आपल्या लिपिकांनी शेरा मारला, की उंची शून्य असू शकत नाही, प्रत्यक्ष मोजून लिहावी. महोदय, मी गुडघे दुखत असताना माळावर जाऊन पालथा पडलो आणि पुन्हा मोजली. शून्यच आली.

५) येथे थोडे शिकवण्याची परवानगी असावी. जुनी खोड आहे. ते अंडे खड्यासारखे कसे झाले, असे मुले विचारतात. पक्ष्याने रंग निवडला नाही. ज्यांची अंडी उठून दिसली, ती कावळ्याने, खोकडाने, मुंगसाने खाल्ली. ज्यांची थोडी कमी दिसली, त्यांची पिल्ले वाढली आणि त्या पिल्लांनी पुढे तशीच अंडी घातली. असे पिढ्यान्‌पिढ्या, माणूस या माळावर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालले आहे. म्हणजे ते अंडे खाणाऱ्यांच्याच नजरेने रंगवले आहे. पुण्याहून संशोधनासाठी येणाऱ्या अनुपमाताई हेच तपासत आहेत. आमच्या तांबड्या मुरमावरच्या अंड्यांचा रंग आणि शिरूर तालुक्यात कारेगावच्या कंपन्यांमागे उरलेल्या काळपट माळावरच्या अंड्यांचा रंग वेगळा आहे का, हा त्यांचा प्रश्न आहे. मोजमाप अपुरे असल्यामुळे त्या अजून होय म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मुलांना मी हेही दाखवतो, की ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. घरट्याजवळून जाताना त्या थांबत नाहीत. मेंढ्या शोधायला निघाल्यासारख्या सरळ पुढे जातात, आणि लांब बसून दुर्बिणीतून पाहतात. इतक्या जुन्या काळापासून चालत आलेले ते लपवण्याचे काम आपल्या कक्षाने फक्कीच्या एका पिशवीत उलटवले, हे मोठ्या खेदाने नमूद करतो.

६) माझ्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. माझ्याबरोबर माळावर येणाऱ्या मुलांतली कु. तेजश्री यंदा पाचवीत गेली. तिने माझ्याही शब्दावर ठेवला नाही. “गुरुजी, कावळा फक्कीला भुलतो का अंड्याच्या वासावर येतो, त्ये करून बघाया पायजे,” असे ती म्हणाली. तिने कणकेची अंडी वळली, मुरमाच्या पाण्यात रंगवली आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. काहींभोवती फक्कीचा गोल काढला, काहींभोवती नाही. गोलातली अंडी कावळ्यांनी आधी उचलली. बिनगोलाची बरीचशी तशीच राहिली. त्यांतली काही मुंग्यांनी नेली, तीही तिने प्रामाणिकपणे वेगळी धरली. हा प्रयोग मी आपणांस हौसेने कळवला. उत्तरादाखल कु. तेजश्री हिने 'वन्य पक्ष्याची अंडी विनापरवाना हाताळल्याबाबत' खुलासा करावा, अशी नोटीस आली.

नोटीस ऐकून तिची आजी वच्छलाबाई माझ्या दारात आल्या. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो : “कणिक माझी, परात माझी. सायबाला म्हणावं, खुलासा माझ्याकडं मागा. गव्हाच्या पिठाला कवापासनं पिल्लं व्हाया लागली?” हाच तिचा खुलासा समजावा. याहून चांगला मला लिहिता येणार नाही.

७) आता मूळ विषय. त्या जोडीने या मोसमात तिसऱ्यांदा अंडी घातली आहेत. पाऊस तोंडावर आहे. ही गेली तर यंदा चौथी संधी मिळेल असे मला वाटत नाही, आणि पुढच्या वर्षी जोडी इथे येईल का, हे कोणी सांगू शकत नाही. मी मुलांना त्या बाजूला नेणेही बंद केले होते. तरीही आपले पक्षीरक्षक श्री. हौशीराम यांनी आज सकाळी ही अंडी पाहिली आणि नियमाप्रमाणे फक्की मारून निशाण लावले, पाटी रोवली; जाळी तेवढी अजून यायची आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. मी विनवले तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, मला बी कळतंय. पण वरनं आलंय. निशाण काढलं तर म्या आत, न्हाई काढलं तर अंडी कावळ्याच्या आत. तुम्हीच सांगा, कुणाला आत घालू?” हा प्रश्न आपल्याकडे पाठवत आहे; उत्तर आपणांस येत असल्यास कळवावे.

यातच समजले, की गुरुवारी, दि. २२ मे रोजी, जैवविविधता दिनानिमित्त आपण पाहुण्यांसह 'आदर्श घरटे' पाहण्यास येत आहात. घरट्यावर सावलीसाठी मांडव घालणार, फीत कापणार आणि छायाचित्रे काढणार आहात. महोदय, मांडवाला चार खांब असतात. चार खांबांवर चार कावळे बसतात. आणि अंड्यांवर सावली धरायला आई असते. तेवढा वेळ तिला तिथे उभे राहू द्यावे, इतकेच करायचे आहे.

८) तरी माझी विनंती अशी. निशाण आणि पाटी काढावी, जाळी पाठवू नये. फक्की झाडूने पुसू नये, त्याने माती हलते. वरून मूठभर मुरूम टाकावा. मांडव रद्द व्हावा. मुलीला दिलेली नोटीस मागे घ्यावी. गुरुवारी यायचेच असेल तर गाडी रस्त्यावर ठेवून आपण एकट्याने यावे; अनुपमाताई जिथे बसतात तिथे मी आपल्यासाठी सतरंजी टाकीन. दुर्बीण देईन. दिसणार फारसे काही नाही. मुरमावर एक पक्षी उभा आहे, एवढेच दिसेल. परंतु ते पाहून मुले गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

तीन अर्ज केले आणि तीन वेळा मदत मिळाली, याबद्दल आभारी आहे. या वेळी कृपा करून मदत न मिळावी.

आपल्या कक्षाचा जुना व थकत चाललेला अर्जदार,

(सही)
मीरासाहेब दस्तगीर तांबोळी
निवृत्त प्राथमिक शिक्षक, कासुर्डी

सोबत :
– कणकेचे अंडे, चोच मारलेले, एक.
– कु. तेजश्री हिने काढलेले माळाचे चित्र. (घरटे मुद्दाम दाखवलेले नाही.)

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी मुलांना वाचून दाखवला, म्हणून पुढे घडलेले कळवणे माझे कर्तव्य आहे. तेजश्रीने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “गुरुजी, सायेब निशाण काढत्याल का?” मी खोटे बोलू शकलो नाही. म्हणालो, “गुरुवारच्या आत नाही काढणार.” ती म्हणाली, “आन् आपण काढलं तर?” मी म्हणालो, शासकीय मालमत्तेला हात लावायचा नाही. ती म्हणाली, “मंग न्हाई लावत हात. आजून निशाणं तर लावता येत्याल की!”

कबड्डीचे मैदान आखायची फक्की शाळेतून मुलांनी आणली. वच्छलाबाईंचे जुने लाल लुगडे फाडले. पोरांना गोल आखायची सवय आहे. ऊन उतरेपर्यंत सगळा माळ पांढऱ्या गोलांनी आणि लाल चिंध्यांनी भरला. खऱ्या घरट्याच्या आसपास मात्र तिने कोणाला फिरकू दिले नाही. कावळे एका गोलातून दुसऱ्या गोलात उतरत होते, मान तिरकी करून पाहत होते आणि मोकळ्या चोचीने उठत होते. हौशीराम आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, “आता पाव्हण्यांस्नी दाखवायचं कुठलं, त्ये मला बी सांगता याचं न्हाई.” त्यांच्या आवाजात मला तक्रार ऐकू आली नाही.

तरीही एक म्हातारा कावळा हटेना. तो खऱ्या घरट्याच्याच बाजूला सरकत होता. तेव्हा तेजश्रीने डबा घेतला, माळाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका रिकाम्या गोलात जाऊन घरट्याकडे पाठ करून मांडी घातली, आणि कावळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने भाकरी मोडली.