चौदा सीलबंद यंत्रे आणि एक टॅबलेट यांची व्यवस्था

मी, उर्मो हावेल, वय छप्पन्न, राहणार लेपासारे, शाळेमागच्या विटांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे म्हणता येत नाही. त्याची एक झडप येत्या एकोणीस तारखेला तार्तूच्या इस्पितळात बदलायची आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या गावात आहे, ती समोरच्या दाराआड राहते आणि तिचा उल्लेख पुढे येईल.

हे माझे पाचवे मृत्युपत्र. आमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे घरी लिहिलेले मृत्युपत्र सहा महिन्यांनी आपोआप बाद होते. नोटरीकडे केलेले टिकते, हे मला माहीत आहे. मी गेलो होतो. नोटरीबाईंनी माझी सतरा कलमे तीन ओळींत बसवली आणि म्हणाल्या, "बाकीचं तुमच्या मनातलं आहे, ते इथे लागत नाही." मनातले वगळल्यावर उरते ते नुसते सामान. म्हणून दर सहा महिन्यांनी मी घरीच लिहितो. चौथे मृत्युपत्र येत्या चौदा तारखेला बाद होईल. नवे न लिहिता मी शस्त्रक्रियेला गेलो आणि उठलो नाही, तर सगळे कायद्याने माझ्या भावाकडे जाईल आणि माझी यंत्रे एका दुपारी भंगारात पोचतील. ते होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. खरे सांगायचे तर आता कंटाळा आला आहे.

कलम १. माझा धाकटा भाऊ वाल्दो, जो फिनलंडमध्ये बांधकामावर असतो, त्याला माझे दोन खोल्यांचे घर, गाडी, बँकेत असेल ते आणि आईच्या गावच्या सौनातला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातला, माझा हिस्सा द्यावा. इमारतीमागच्या माझ्या शेडमधले काहीही त्याला देऊ नये. गेल्या उन्हाळ्यात तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला,

"दादा, याचं करणार काय तू? एका ट्रेलरमध्ये जाईल सगळं."

"दोन लागतील," मी म्हणालो. "जुने मॉनिटर एकावर एक रचायचे नसतात."

"मग दोन फेऱ्या मारीन. तू सांग फक्त."

तो हे वाईट मनाने बोलला नाही. वाईट मनाने बोलला असता तर भांडता तरी आले असते.

कलम २. शेडमध्ये चौदा संगणक आहेत, एक ते चौदा क्रमांक घातलेले, सर्व चालू स्थितीत. क्रमांक चारला सुरू व्हायला अकरा मिनिटे लागतात. तो बिघाड नाही, वय आहे.

ते माझ्याकडे कसे आले, हे लिहिणे आवश्यक आहे, कारण गावात वेगळे सांगतात. मी ट्रॅक्टर दुरुस्ती केंद्रात वीजतंत्री होतो. १९८६ साली शाळेला पहिले यंत्र मिळाले आणि आठवड्यात बंद पडले. मी रशियन पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसलो आणि सतराव्या दिवशी ते चालू केले. मला पदवी नाही. याची आठवण मला वेळोवेळी करून देण्यात आली आहे. १९९३ ते २०१७, चोवीस वर्षे, शाळेची संगणकाची खोली मी सांभाळली. २०१७ च्या फेब्रुवारीत मुख्याध्यापकांनी ती खोली रिकामी केली, यंत्रे मागच्या जिन्याखाली ठेवली आणि तीस टॅबलेट असलेली एक ढकलगाडी आणली. मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि यंत्रे लाकडी घसरगाडीवरून बर्फातून घरी आणली. एका फेरीत दोन, अशा सात फेऱ्या. चोरी केली नाही. चौदा यंत्रे टाकाऊ म्हणून दिल्याचा शिपायाच्या सहीचा कागद टेबलाच्या खणात आहे.

ढकलगाडी ढकलत आणली ती भूगोलाच्या शिक्षिका मायरे तोमे यांनी. टॅबलेटची मागणी त्यांचीच होती.

"मास्तर, संगणक आले," त्या म्हणाल्या.

"बाई, हे संगणक नव्हेत. या काचेच्या पाट्या आहेत. दाखवतील तेवढं बघायचं."

त्यानंतर पाच वर्षे, दारासमोर दार असून, आमच्यात "नमस्कार" यापलीकडे शब्द झाला नाही. त्यातही आधी कोणी म्हणायचा, हा प्रश्न असे.

कलम ३. या कागदात संगणक म्हणजे काय, हे मी खोलीच्या भिंतीवर चोवीस वर्षे लिहून ठेवले होते तसेच देतो. जे मालकाला पेचकसाने उघडता येते. ज्याच्यावरच त्याच्यासाठी नवा प्रोग्राम लिहिता येतो. जे चालण्यासाठी दूरच्या कोणाची परवानगी मागत नाही. आणि जे आपल्या चुकीने बिघडते व आपल्याच हाताने दुरुस्त होते. चारही अटी हव्यात. तीन चालणार नाहीत.

कलम ४. आधीची चारही मृत्युपत्रे मी रद्द करतो, कायद्याने झाली नसतील तरी. पण त्यांत काय होते ते नोंदवतो, म्हणजे मी मत का बदलले, किंवा बदललेच नाही, हे कळेल.

२०२२ च्या हिवाळ्यात मी जिन्यात कोसळलो. रुग्णवाहिका मायरेबाईंनी बोलावली. चौथ्या दिवशी त्या इस्पितळात आल्या आणि शाळेतून बाद झालेला, कोपरा तडकलेला एक टॅबलेट माझ्या पोटावर ठेवला.

"हे काय?"

"काचेची पाटी. पडल्या पडल्या शिव्या घालायला काहीतरी हवं ना तुम्हाला?"

घरी आल्यावर मी पहिले मृत्युपत्र लिहिले. साक्षीदार म्हणून त्याच आल्या. येताना कायदा वाचून आल्या होत्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, हे त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "बरं झालं. मला तुमचं भंगार नकोच आहे." चारही मृत्युपत्रांवर त्यांची सही आहे.

पहिल्यात मी यंत्रे शाळेला दिली होती, अट अशी की ती 'इतर संगणकांसोबत' ठेवावीत आणि संगणक म्हणजे काय ते कलम तीनप्रमाणे. मुख्याध्यापकांना आगाऊ कळवले. त्यांचे उत्तर आले: आपल्या व्याख्येनुसार शाळेत सध्या एकही संगणक नाही, त्यामुळे अट पाळणे शक्य नाही. माणूस मला आवडत नाही, पण पत्र बिनचूक होते. दुसरे आणि तिसरे मृत्युपत्र अशाच अटींसह एका वाचनालयाला आणि एका संग्रहालयाला होते. दोघांनी यंत्रे मागितली, अटी नाकारल्या. चौथ्यात नाइलाजाने लिहिले होते की यंत्रे शेडमध्येच राहावीत आणि शेडला कुलूप असावे.

दरम्यान टॅबलेट माझ्याकडे होता, आणि न तपासता मत देणे माझ्या स्वभावात नाही. मी त्याला कळफलक जोडला. त्यावरच दोनशे बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, जो सरपणाचा ओलावा मोजून कोणती रास आधी जाळावी ते सांगतो. चालला. तो प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर न्यायचा म्हटल्यावर टॅबलेटने माझे नाव, जन्मतारीख आणि संमती मागितली. ही नोंद वहीत तारखेसह आहे.

कलम ५. यंदा फेब्रुवारीत टॅबलेटची बॅटरी फुगली. केस वाळवायच्या यंत्राने कडा तापवून, गिटारच्या नखीने मी तो उघडला. दोन तास गेले, काच आणखी तडकली. आत डिंक होता, आणि डिंकाखाली तेच होते जे चौदांमध्ये आहे. लहान, दाट, पण तेच. मी मायरेबाईंना हाक मारली.

"बघा," मी म्हणालो. "संगणकच आहे. बनवणाऱ्यांनी डिंकाने चिकटवून टाकलाय. ज्या वस्तूत मालकाला शिरता येत नाही ती मालकाची नव्हे, हे मी ओरडून सांगत होतो."

त्यांनी वाकून आत बघितले. मग म्हणाल्या, "आणि तुमची सीलं, मास्तर?"

हे समजावून सांगणे भाग आहे. ट्रॅक्टर केंद्रातून मी सील दाबायची पक्कड आणली होती. विजेच्या मीटरला असते तसे तार ओवलेले शिशाचे सील मी प्रत्येक यंत्राच्या मागच्या पेचांवर बसवले होते. मुलांनी हात घालू नये म्हणून.

"मुलं बिघडवतात," मी म्हणालो.

"तुमच्या भिंतीवर तेच लिहिलं होतं ना? आपल्या चुकीने बिघडतं, आपल्या हाताने दुरुस्त होतं? चोवीस वर्षांत किती जणांना उघडू दिलंत?"

मी रात्रभर जुन्या वह्या चाळून आकडा काढला. सुमारे अकराशे मुले. उघडले तिघांनी. त्यांतल्या दोघांनी उघडले तेव्हा मी मागे उभा राहून पाहत होतो.

सकाळी त्यांना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "चौथी मी असते. नव्व्याण्णव साली विचारलं होतं, आत कसं असतं ते दाखवाल का. काय म्हणालात, आठवतं?"

आठवत होते. मी म्हणालो होतो, भूगोलवाल्यांचे ते काम नाही.

"म्हणून पाट्या मागवल्या मी," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी मला नाही म्हणणारं कोणी नव्हतं."

कलम ६. तिसरी व्यक्ती म्हणजे रुती कांगुर. २००४ साली तिने न विचारता क्रमांक नऊचे सील तोडले. मी तिला वर्ष संपेपर्यंत खोलीत येऊ दिले नाही. तिने आतला पंखा साफ केला होता. त्या दिवसापासून नऊ नंबरची घरघर बंद झाली. ते मला त्याच आठवड्यात कळले होते आणि मी बोललो नाही. ती आता तार्तूच्या रस्त्यावर बस चालवते. क्रमांक नऊ तिला द्यावा. नको असेल तर तिने तो वाल्दोच्या ट्रेलरमध्ये टाकला तरी माझी हरकत नाही. मी चूक होतो, हे तिला हा कागद दाखवून कळवावे.

कलम ७. उरलेली तेरा यंत्रे, शेड, हत्यारांची पेटी, पक्कड, सर्व वह्या आणि टॅबलेट, हे मायरे तोमे यांना द्यावे. अट नाही. त्यांनी ती उघडावीत, उघडू द्यावीत, वाटावीत, बिघडवावीत. कलम तीनमधली व्याख्या त्यांना लागू नाही.

आज दुपारी त्या नेहमीप्रमाणे कॉफीचा थर्मास, दालचिनीचा पाव आणि स्वतःचे पेन घेऊन आल्या.

"चला, कुठे करायची सही?"

"या वेळी तुमची नको," मी म्हणालो.

"का? हस्ताक्षर बिघडलं माझं?"

कायदा त्यांनीच मला वाचून दाखवला होता. त्यांनी पेनाला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"तेरा की चौदा?"

"तेरा. एक रुतीला."

"बरं केलंत." मग थर्मासचे झाकण फिरवत, "एकोणीस तारखेनंतर परत या. मला त्या चार नंबरचं काही कळणार नाही."

कलम ८. टॅबलेट खरा संगणक आहे का, याबद्दल माझे शेवटचे मत, कारण लोक विचारतील. आज नाही. चारपैकी दोन अटी तो अजून पाळत नाही. पण त्याच्या आत माझ्या चौदाही यंत्रांच्या बेरजेपेक्षा जास्त ताकद आहे. हिशेब वहीत आहे. ज्या दिवशी लोक तो उघडा मागतील, त्या दिवशी तो संगणक होईल, आणि माझ्यापेक्षा चांगला होईल. मागतील की नाही, ते सांगता येत नाही. जो कधी आत शिरलाच नाही, त्याला आत शिरायचे असते हे कसे कळणार? अकराशे मुलांना मी ते कळू दिले नाही. डिंकाचा दोष देताना हेही लिहिले पाहिजे.

कलम ९. सीलांपैकी अकरा मी काढली आहेत. तीन राहिली. खाली वाकले की दम लागतो.

साक्षीदारांनी हा मजकूर वाचलेला नाही. कायद्याला ते लागत नाही. कोणी विचारलेच तर दोघांनी एवढे सांगावे, की सही करताना मी शुद्धीत होतो, आणि खोलीत तिसऱ्या खुर्चीवर एक बाई होत्या, ज्यांनी सही केली नाही आणि कॉफी पूर्ण थंड होईपर्यंत कप हातात धरून ठेवला.

उर्मो हावेल (सही)

साक्षीदार:
हेल्वे रोसिन, टपाल वाटणाऱ्या (सही)
काउपो तिम्मुस्क, तळमजल्यावरचे (सही)

लेपासारे, सोमवार, ११ मार्च २०२४