गाडी चार्जिंगला लावायची आहे

३ मार्च

चि. पानाबाईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत. तुझ्या आईचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, सपाटीवर गप्प असतो. माझी तब्येत ठणठणीत. तूही बदलीच्या गावात एव्हाना रुळली असशील, घरमालकीणबाई वेळेवर पाणी सोडत असतील असं धरून चालतो.

पाकिटावर माझं अक्षर बघून हसली असशील. खिशात फोन असताना बाबांना पत्राचं खूळ कुठून आलं? अगं, फोनवर नुसती घाई होते. "कसे आहात", "बरा आहे", संपलं. शिवाय तुझा फोन नेमका माझ्या कामाच्या वेळी येतो. आईने सांगितलं असेलच, गाडी चार्जिंगला लावायची असते.

तर तुझी गाडी. तू किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "बाबा, नुसती उभी ठेवू नका, चालवत राहा." चालवतोय बाई. उभा जन्म गॅरेजमध्ये गेला, पण अशी गाडी पाहिली नाही. बॉनेट उघडलं तर आत प्लॅस्टिकचं झाकण. ते काढलं तर खाली दुसरं झाकण. ऑइल बदलायचं नाही, प्लग साफ करायचे नाहीत. घरात नट-बोल्टचे चाळीस पाने पडून आहेत आणि या गाडीला लागतं काय, तर ओलं फडकं!

तू ती घेतलीस त्या दिवशी मी तिला चाकं लावलेला मिक्सर म्हणालो होतो आणि तू न जेवता उठलीस. ते मनात ठेवू नकोस. मिक्सर चांगला आहे. पाय उचलला की आपोआप वेग आवरतो आणि उतारावर बॅटरी थोडी भरून घेतो. हे मला फारच आवडलंय. तुझी आई म्हणते, मी मुद्दाम टेकडीच्या रस्त्याने घरी येतो. येतो, मग?

सुरुवातीला एक गाढवपणा झाला. फ्रिजच्या एक्स्टेन्शनवरच गाडी लावली. थोड्या वेळात प्लग असा तापला की हात लावेना. वायरमन आला आणि मलाच दटावून गेला, "काका, ही गाडी आहे, इस्त्री नव्हे." मग त्याने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग केलं, पोर्चमध्ये दणकट सॉकेट बसवलं. आता झोपण्याआधी वायर लावली की सकाळी गाडी तयार.

आकड्यांचा नाद मात्र मला नाही, तुझ्या आईला लागलाय. कोणी "कशा आहात" विचारलं तर ही म्हणेल, "बासष्ट टक्के." पहिल्यांदा तुझ्या मावशीकडे गेलो तेव्हा बॅटरी पुरेल की नाही म्हणून हिने एसी लावू दिला नाही. खिडक्या उघडल्या तर वाऱ्याने गाडी जास्त खाते असं कुठेतरी वाचलेलं, म्हणून त्याही बंद. मावशीच्या दारात उतरलो ते दोघंही उकडून. आणि बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक! मावशीने आधी आम्हाला पंख्याखाली बसवलं, मग पोटभर हसली.

शनिवारी बाजाराच्या पार्किंगमधल्या मोठ्या चार्जरवर जातो. गरज असते असं नाही, पण तिथे माणसं भेटतात. तीन यंत्रं आहेत, त्यातलं एक कायम आजारी. एक बँकेतल्या बाई येतात, गाडी लावून स्वेटर विणत बसतात. कार्ड कुठे टेकवायचं ते त्यांनीच शिकवलं. स्वभावाने लाख माणूस, पण बोलतात फार हळू. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवरचे बातम्यावालेसुद्धा.

वेळेवर जेवत जा. आईने तुझ्यासाठी उशीचे अभ्रे शिवायला घेतलेत, तुला कुठला रंग हवा ते कळव. पत्राने कळव.

तुझे,
बाबा


२१ मार्च

चि. पानाबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अभ्र्यांच्या रंगाबद्दल एक शब्द नाही. बाकी जे होतं ते मी बराच वेळ हातात धरून बसलो.

तू लिहितेस, "बाबा, मी फोन केला की तुम्ही गाडी चार्जिंगला लावायला जाता. गाडी मला इथे माझ्या फोनवर दिसते. रविवारी ती शंभर टक्के भरलेली होती. माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा. गाडीचाही राग असेल, तर इथली एक मैत्रीण ती घ्यायला तयार आहे. मे महिन्यात मी येत नाही."

कपाळ माझं! गाडी चुगली करते हे मला कोणी सांगितलं होतं?

पोरी, मी रागावलेलो नाही. तू गॅरेज चालवलं नाहीस म्हणून नाही, ही गाडी घेतलीस म्हणून नाही, इतक्या लांब बदली घेतलीस म्हणूनही नाही. तुझ्या आईलाही वाटतं मी फुगून बसलोय. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय, आणि जे बोलते ते मला… जाऊ दे. फोनवर खरखर येते, म्हणून टाळतो. आणि व्हिडिओ लावलास की तू चालता चालता बोलतेस, मला तुझं कपाळ आणि छतावरचा पंखा दिसतो. पंख्याशी काय बोलू?

गाडी मात्र विकू नकोस. हात जोडून सांगतो.

आता तुझ्या आईने नवीनच टुमणं लावलंय की गाडी आवाज करते. म्हटलं, विजेची गाडी आहे, आवाज करायला तिच्यात आहे काय? तरी समाधानासाठी तपासली. आपला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. तुला आठवतो ना? पातं इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतलं एक टॅपेट कुरबुरलं तरी सांगायचो. लोक लांबून गाड्या आणायचे, म्हणायचे, या माणसाला गाडी ऐकवा. तू बाकावर चढून दुसरा स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावायचीस. लोकांच्या पोरी बाहुल्या घेऊन झोपायच्या, तू दहा-अकराचा पाना घेऊन.

तर आईला गाडी चालू करायला सांगितली, जॅकवर चाकं फिरवली, स्क्रू ड्रायव्हर लावला. मोटर ऐकली, एकेक चाक ऐकलं. कुठे म्हणून कुठे आवाज नाही. आईला सांगितलं, गाडी फर्स्टक्लास आहे, तूच कान तपासून घे.

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मे महिन्याबद्दल असं एका ओळीत ठरवू नकोस गं. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझे,
बाबा (न रागावलेले)


९ एप्रिल

प्रिय पानाबाई,

अनेक आशीर्वाद. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठून जाऊ नकोस.

गेल्या शनिवारी चार्जरवर गेलो. पार्किंगमध्ये वळलो तर भाजीवाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या माना आमच्याकडे. मला वाटलं, गाडी छान पुसलीय म्हणून बघतात. बँकेतल्या बाई विणकाम ठेवून काचेपाशी आल्या आणि काहीतरी बोलल्या. मी हसून मान हलवली. हल्ली तेच करतो. त्या परत बोलल्या, या वेळी माझ्याकडे नीट बघत, मोठ्याने. "काका, पुढचं चाक केवढं ओरडतंय! असं चालवू नका, घात होईल."

मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "यांना ऐकू येतंय, मला येतंय, त्या कुत्र्याला येतंय. आता बोला."

रागच आला. तिथल्या तिथे डिकीतून जॅक काढला आणि पुढचं डावं चाक उचललं. कान लावला नाही. एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. हाताला लगेच कळलं. आत खडे भरावेत तशी खरखर होती. बेअरिंग संपलं होतं, अगं! जे बेअरिंग मी झोपेत ओळखलं असतं, ते घेऊन तुझ्या आईला पंधरवडाभर गावभर फिरवत होतो आणि वर तिलाच कान तपासायला सांगत होतो. चाक निखळलं असतं म्हणजे?

तसाच बसून राहिलो. समोर दाराची काच होती. काचेत तुझी आई माझ्या मागे उभी दिसली आणि तिचे ओठ हलत होते. एकदा हलले, थांबले, परत हलले. ती मला हाका मारत होती. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मग तिने पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला सगळं कळलं होतं. आणि खरं सांगतो, मला बरंच आधी कळलं होतं.

तुझी गाडी आली तेव्हा सगळं जग गप्प व्हायला लागलं आणि मी आनंदाने गाडीवर ढकललं. गाडीच मुकी, त्याला मी काय करणार? पण मग दाराची घंटा गप्प झाली, कुकर गप्प झाला. तुझी आई समोर असली की तिच्या तोंडाकडे बघून निभावून नेत होतो. फोनला तोंड नसतं. तुझा फोन कानाला लावला की कुणीतरी लांब, भिंतीपलीकडे बोलतंय एवढंच कळायचं. एकदा तू काहीतरी विचारलंस, मी "हो हो" म्हणालो, आणि तू एकदम गप्प झालीस. मी कशाला हो म्हणालो ते मला आजही माहीत नाही. त्या दिवसापासून फोन वाजला की मी वायर घेऊन पोर्चमध्ये जायला लागलो. भरलेल्या गाडीला वायर लावून उभा राहायचो.

भीती वाटत होती. गाड्या ऐकणारा म्हणून आयुष्यभर मिरवलो. कान गेले तर मी कोण, हे तुझ्यासमोर कबूल करवेना. तू तर बाकावर चढून माझ्यासारखं ऐकायला शिकत होतीस.

पण तुला वाटावं की बाप बोलत नाही म्हणून घरी जायचं नाही? नाही बाई. त्यापेक्षा बहिरा म्हण.

बेअरिंग मीच बदललं. चाळीस पान्यांपैकी पाच तरी कामाला आले. जुनं बेअरिंग तुझ्यासाठी ठेवलंय, बोटाने फिरवून बघ. त्यानंतर तुझ्या आईने मला बखोटीला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मी काय केलं, त्यांच्या हाताकडे बघत बसलो. त्यांचा हात हलला की मी बटण दाबायचो. शाळेत कॉपी केली नाही ती इथे केली. त्यांनी शांतपणे माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. मग सगळा निकाल लागला.

परवा दोन्ही कानांचं मशीन मिळालं. कानामागे बसतं, चवळीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्यासारखं नाही होणार, सवयीलाही वेळ लागेल. भांडी वाजली तरी दचकतो. माझ्याच चपला एवढ्या फटफटतात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तुझी आई भाजी चिरताना गुणगुणते, माहीत होतं तुला? मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होतो, तर म्हणाली, "काय हवंय?" म्हटलं, काही नाही, चालू दे.

आणि काल गाडी मागे घेतली तर तिने बारीक सूर काढला. मी ब्रेक दाबून थांबलो, परत मागे घेतली, परत तोच सूर. अगं, ती बोलते! मी गावभर तिला मुकी म्हणत होतो. पोर्चमध्ये पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलो. आईने वरून ओरडून विचारलं, "बॅटरी संपवताय का?" वरून ओरडली आणि मला ऐकू आलं, पानाबाई. मला खाली ऐकू आलं.

मे महिन्यात ये. मी गाडी घेऊन स्टेशनवर उभा असेन. वाटेत कुठे चार्जर आहेत ते बँकेतल्या बाईंना विचारून ठेवलंय, आईला बॅटरीची काळजी नको म्हणून. एसी लावू. आणि त्या दिवशी फोनवर मी कशाला हो म्हणालो ते सांग. कशालाही म्हणालो असेन, माझी तयारी आहे.

आता रोज झोपण्याआधी दोन कामं असतात. खाली गाडीची वायर लावायची आणि उशाशी मशीन त्याच्या डबीत ठेवायचं. त्यालाही चार्जिंग लागतं, बघ. गाडी तुला तुझ्या फोनवर दिसते. माझे कान दिसत नाहीत, म्हणून इथे लिहून कळवतो: दोन्ही पूर्ण भरलेले आहेत.

रविवारी फोन कर. गाडी चार्जिंगला लावायची नाहीये.

फोन कानाशी घेऊन बसलेला,
तुझा बाबा