बेलाखालची तार

२ मे, परळी
आज नव्या घरात सामान लागलं. दोन खोल्या, पाणी भरपूर, आणि घरमालक शिवलिंगप्पा वरच्या मजल्यावर एकटेच, कमी बोलणारे. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या बाईला आणखी काय हवं? टेबलावर इथल्या विद्युत केंद्राची उडून आलेली राख होती, पुसून कॉम्प्युटर मांडला. मेलबर्नहून माझी लेक धनश्री रोज चारला बोलणार. तिला आठवा महिना आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको असं बजावलंय, आणि जावई बोटीवर. मला व्हिसा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला मी जे पत्र लिहिलं, ते वाचून माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी मला ओणवं उभं केलं असतं. घरात मोबाइलला रेंज नाही. पण वरच्या राउटरची तार अंगणातून माझ्या टेबलापर्यंत आलेली आहे. झकास.

५ मे
चित्र येत नाही, आवाज तुटतो. राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहिलं, दोन्ही टोकांना नव्या पिना बसवल्या, ड्रायव्हर पुन्हा टाकला. वेग शंभरावरून दहावर. माझा तार तपासायचा मीटर म्हणतो, दोष अकरा मीटरवर, म्हणजे अंगणातल्या बेलाखाली. खणू या म्हटलं, तर शिवलिंगप्पा म्हणाले, तिथं खणायचं न्हाई बाई, दुसरं काय बी करा. आणि जिना चढून गेले. असली माणसं आमच्या खात्यात असती, तर बीड जिल्ह्याचे निरोप अजून कबुतरांनी नेले असते.

७ मे
भांडी घासणाऱ्या छबुबाईंकडून उलगडा झाला. शिवलिंगप्पांची बायको शिवकांता दोन वर्षांपूर्वी वारली. लिंगायत रीतीप्रमाणे मांडी घालून बसवून पुरली, तीही बेलाखाली. मुलगा बसवेश्वर परदेशात. त्याच्या फोनसाठी ती रोज कॉम्प्युटरसमोर बसायची, तो करायचा नाही. आईचा शेवटचा विधी मात्र त्याला तिकडून कॉम्प्युटरवर बघायचा होता, म्हणून खड्ड्यापर्यंत तार ओढली. माती लोटताना तारेचं वेटोळं आतच राहिलं, आणि तेच टोक पुढे माझ्या खोलीत आणलं. छबुबाई म्हणाल्या, ती अजून वाट बघत बसलीया, आन् तुमी तिच्या मांडीवरून फोन करता. मी म्हटलं, आधी पातेल्याचं बूड घासा.

९ मे
बाजारातून नवी तार आणून जिन्यावरून घेतली. जुनी दोन्ही टोकांनी काढली. वेग पूर्ण. पण चारला धनश्री व्यस्त. पाचला तिचं चित्र आलं, लख्ख. म्हणाली, आई, आत्ताच तर तासभर बोललो. मी बोलले नाही म्हटलं, तर हसली. म्हणाली, आज तुझ्या आवाजात किती माया होती.
हे मला लागलं.

१० मे
जुन्या तारेचं वरचं टोक कशातच नाही. खालच्या टोकाला मीटर लावला. हिरवा दिवा, म्हणजे पलीकडे काहीतरी जोडलेलं. बत्तीस वर्षांत असं कधी—
मीटर बिघडला असेल.

११ मे
धनश्री दोनच मिनिटं बोलली. म्हणते, तूच सांगितलंस अंथरूण सोड म्हणून. जमिनीवर बस, मांडी घाल, पाठ ताठ ठेव. मी ओरडले. ती म्हणाली, आई, तू मघासारखं गोड का बोलत नाहीस?


१२ मे
शिवलिंगप्पांना सगळं सांगून हात जोडले. मी, हात. ते रडायला लागले. म्हणाले, शिवकांता गेल्यावर पोरालाबी हेच सांगायची, बस, माझ्यासारखा बस. सहा महिन्यांमागं तिकडं पोलिसांनी त्याच्या खोलीचं दार फोडलं. भिंतीशी बसलेला, गार पडलेला, मांडी घालून—
गच्चीवरून धनश्रीला मोबाइल लावला. व्यस्त. पुन्हा. व्यस्त.

१३ मे
साडेतीन. जुनी तार कापली. कापलेलं टोक सरकत खिडकीबाहेर गेलं. मातीत. कोणी ओढल्यासारखं—

चार. नव्या तारेवर चित्र आहे. धनश्री जमिनीवर आहे. मांडी घालून. घामाने डबडबलीय, हसतेय. मी हाका मारतेय. ती म्हणते, आई, लाइनवर दुसरी कोणी बाई आहे, सारखी मधे ओरडतेय, तिला काढ ना—

माझं ऐकत नाही. हीच वही कॅमेऱ्यासमोर धरते—

धनू ही मी. ती मी नाही. ऊठ. अंथरुणावर जा. धनू डोळे उघड, इकडे बघ, वाच, मी तुझी आ