घोंगड्यावर शिंपडलेलं पाणी

सातारा, १० जानेवारी २०२५

चि. भाऊसो यास अक्काचा आशीर्वाद, राग वेगळा. वि. वि.

काल, गुरुवार ९ जानेवारीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू सख्ख्या नातीचा प्रयोग बुडवलास. फोनवर तू शब्द फिरवतोस, म्हणून पत्र.

प्रांजलनं रडत सगळं सांगितलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं दोन फुगे अण्णांच्या घोंगड्यावर घासून शेजारी टांगले. ते एकमेकांपासून दूर जायचे, तर गुमान चिकटून लोंबत राहिले. वडील गेल्यापासून अण्णांचं घोंगडं पाणी शिंपडल्याशिवाय पसरायचं नाही, ही आपल्या घरची रीत तू ऐन वेळी टेबलावर पाळलीस. अरे, कोरड्या लोकरीवर घासलं की ऋण प्रभार फुग्यावर येतो. दोन्हींवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. ओल आली की प्रभार टिकत नाही. तेहतीस वर्षं मी हेच शिकवून निवृत्त झाले, आणि माझ्याच भावानं तांब्या उचलला.

वर तिच्या बाईंना सांगितलंस, विजेचं काम पोरीच्या हातचं नाही, तालुक्याच्या प्रदर्शनातून तिचं नाव काढा. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसमोर असं बोलला असतास, तर दिवसभर बाकावर उभा राहिला असतास. नाव परत घालून ये.

वहिनीला आशीर्वाद. तुझा उरलेला पुढच्या पत्रात.
अक्का

विश्रामबाग, सांगली, १५ जानेवारी

ती. अक्काला भाऊसोचा वाकून नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून. तुझं खरं हाय. मला वाटलं, शिंपडलं की अण्णांचा हात पोरीच्या पाठीवर राहील.

घोंगडं दोन दिवस गच्चीवर वाळवलं. मग प्रांजलनं फुगे घासले, तर भांडलेल्या जावांसारखे लांब झाले. मी नुसता हात जवळ नेला, फुग्याला शिवलो न्हाई, तरी मनगटावरचे केस उभे. ती म्हणाली, प्रभाराभोवती त्याचं क्षेत्र असतं, तिथं न शिवता ओढ लागते. कुपवाडला तीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण हे मला कुणी सांगितलं न्हाई.

आज शाळेत जाऊन बाईंना आणि अख्ख्या वर्गाला सांगितलं, पाणी मी शिंपडलं, पोरीची चूक न्हाई. पोरं लय हसली. नाव परत घातलंय. सोमवारी २७ तारखेला प्रदर्शन. पण प्रांजल म्हणती, आबा, तुमी येऊ नका. अक्का, मला बघायचंय गं. तू तिला सांगशील का?

रागातही लोभ हाय, ठाऊक हाय.
तुझा भाऊसो

सातारा, १८ जानेवारी

चि. भाऊसो यास आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

वर्गासमोर चूक कबूल केलीस, तेवढा भाग शेजारच्या रंगूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. जावांचा गाळला, त्यांच्या दोन्ही सुना घरात होत्या.

प्रांजलशी बोलले. तिचा तुझ्यावर राग नाही, तिला तुझ्या हातांची धास्ती आहे. हात जवळ गेला की फुगे एकमेकांना ढकलायचं सोडून तुझ्याकडे ओढले जाणार, आणि परीक्षकांना तेवढंच दिसणार. बाकी तिला तू तिथं हवा आहेस. हे तिनं मला दोनदा सांगितलं, आणि तुला सांगू नको असंही.

तेव्हा जा. मात्र टेबलापासून चार पावलं लांब आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहीन, असं स्वतःच्या अक्षरात लिहून, सही करून मला पाठव. फोन चालणार नाही. शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत.

तुझी अक्का