सूचना नववी : पाया पडू नये

१८ नोव्हेंबर १९७४, सांगली

साताऱ्याचं पत्र आलं. तिथल्या दवाखान्याचा डोळ्यांचा विभाग सांभाळायला याल का, जानेवारीअखेर कळवा. वाचून आधी नाचावंसं वाटलं, मग मनीची वेणी घालायला बसले. मनी पाच वर्षांची. आठवड्याचे पाच दिवस मी साताऱ्यात म्हणजे पोरीची सगळी भिस्त सासूबाईंवर. ह्यांना विचारलं. म्हणाले, "आई आहे की." गणिताच्या प्राध्यापकाचं उत्तर, एका ओळीत.

२१ नोव्हें.

घरी आले तर आजी-नात 'दवाखाना' खेळत होत्या. मनी डॉक्टर. माझ्यासारखाच एक हात कमरेवर.
"बोटं किती?"
"चार."
"चूक!"
"मग दोन."
"चूक! आजी, तू मुद्दाम हरतेस."
मी दारातच, एक चप्पल पायात, एक हातात.

बॅटरी घेऊन सासूबाईंचे डोळे बघितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पुरता पिकलाय. दिवसभर परक्यांचे डोळे तपासते मी, आणि घरात... तांदूळ बोटांनी चाचपून निवडायच्या, मला वाटायचं सवय असेल. शरम वाटली.

"कधीपासून?" तर म्हणे, "झाल्या आस्तील दोन दिवाळ्या. तुला सांगितलं आस्तं तर नोकरी सोडून घरी बसली आस्तीस." रडू आलं. वर मलाच दम, "रडतीस काय? डाक्तर हायस न्हवं?"

२५ नोव्हें.

आमच्या दवाखान्याचे मोठे सर म्हणाले, घरच्या माणसावर आपण सुरी धरू नये, मी करतो. बरोबरच आहे. पण सासूबाई अडून बसल्या. "सायेब चांगला आसंल, पर डोळा माझा हाय. सून कापंल, न्हाईतर ऱ्हाऊ दे तसाच." सरांना हसू आवरेना. शेजारी उभं राहतो म्हणाले.

२ डिसेंबर

झालं! उजवा डोळा. डोळ्यातलं गढूळ भिंग अख्खं निघालं, पाच टाके. टेबलावर असताना मधेच, "मनीनं दूध पिलं का?" मी ओरडले, बोलू नका. हात जराही हलला नाही.

आता दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. भिंतीवरची सूचनांची पाटी वाचून दाखवली, माझ्याच अक्षरातली, आठ सूचना. खोकू नये, शिंकू नये, कुशीवर वळू नये, चावून खाऊ नये वगैरे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतात, "श्वास घ्यायचा का त्यो बी न्हाई?"

५ डिसें.

काय लिहू.

थोरल्या आत्या, म्हणजे सासूबाईंची मोठी जाऊ, आष्ट्याहून बघायला आल्या. मी ओ.पी.डी.त. सिस्टर पळत सांगायला आली. थोरल्यांचा आवाज ऐकल्याबरोबर सासूबाई पिशव्या बाजूला सारून खाटेवरून उतरल्या, चाचपत पाय शोधले आणि वाकून डोकं टेकलं. थोरल्या बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या. "आगं नगं नगं म्हनस्तवर वाकली की!"

मी नको तेवढी ओरडले. सगळा वॉर्ड बघत होता. सासूबाई शांतपणे, "थोरल्या जाऊबाई आल्या आन् मी आडवी पडून ऱ्हाऊ? पाटीवर तसं न्हवतं लिवलेलं."
नव्हतंच लिहिलेलं.

दोन टाके सुटलेत. बाहुलीभोवतीचा काळा पडदा जखमेच्या फटीत आलाय. तासाभरात परत टेबलावर. सर म्हणाले, "मी करू?" या वेळी मी हो म्हणणार होते. सासूबाईंनी माझा हात चाचपून धरला तो सोडेचनात. मीच केलं. डोळा राहील का माहीत नाही.

६ डिसें.

पाटीवर नववी ओळ घातली. 'पाया पडू नये.' शेजारच्या खाटेवरचे कुंडलचे आजोबा काळजीत. "आवं बाई, मग देवाला कसं करायचं?" म्हटलं, नुसते हात जोडा, देव चालवून घेतो.

थोरल्या आत्या आष्ट्याला परत जायला तयार नाहीत. खाटेशेजारी स्टुलावर मांडी घालून, पाय लुगड्याखाली झाकून बसतात. कुणाला सापडायलाच नकोत. त्यांना बघून आज पहिल्यांदा हसले.

१२ डिसें.

पट्टी काढली. लाली बरीच. बाहुली वर ओढली गेलीय. पण पू नाही, उजेड कळतो, हात हलवलेला कळतो. जीव अर्धाच भांड्यात पडला. नजर खरी किती ते जाड काच लावल्यावरच, म्हणजे आणखी दीडेक महिना.

हे म्हणाले, साताऱ्याला 'नाही' म्हणून कळवून टाकूया का, आईवर आता कसं... मी फाडकन बोलले, "तुम्ही तुमची गणितं सोडवा." नंतर वाईट वाटलं. सकाळी त्यांनीच मनीची वेणी घातली होती. वाकडी, पण घातली होती.

१४ जानेवारी १९७५

संक्रांत. मनी तिळगूळ घेऊन आजीच्या पाया पडायला गेली तर उजेड लागू नये म्हणून बांधलेल्या हिरव्या पट्टीखालून हुकूम, "पडू नगं बाई. पाटीवर लिवलंय." पोट धरून हसलो सगळे. लाली गेलीय. आशा वाटतेय, पण मोठ्यानं बोलायला नको.

२० जाने.

दहा नंबरची काच लावून बघितली. मनी हट्टानं समोर उभी, बोटं वर. सासूबाईंनी मान थोडी तिरकी केली.
"तीन."
"बरोब्बर!"
"आन् नखं कवा कापल्यात गं? समदी काळी."
सरांनी पाठ फिरवून रुमाल काढला. मी तिथंच रडले, पेशंटांसमोर.

२९ जाने.

चष्मा आला. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. सकाळी कपाला हात घातला तर कपाच्या अलीकडेच पडला. "कप सरकला," म्हणाल्या. डावा डोळा अजून व्हायचाच आहे. साताऱ्याला परवापर्यंत कळवायचंय.

दुपारी कागद घेऊन बसले. समोर सासूबाई नखं कापायला ब्लेड घेऊन, मनीचा हात मांडीवर. मी ताडकन उठले. त्या वर न बघताच, "बस. लिही तुझं." मनीनं बोट पुढं केलेलं, निवांत. पोरीला भीती नाही. बसले.

अंगठा झाला. रक्त नाही. मी 'महोदय' लिहिलं. तर्जनी झाली, मधली दोन झाली. आता करंगळी तेवढी राहिलीय, आणि माझी पत्राची पहिली ओळ.