चिंचोक्यांसह वाटी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जलक्रीडा संकुल,
नवा रायपूर (छत्तीसगढ)

विषय: बेवारस सामानात जमा असलेली स्टीलची वाटी आतल्या चिंचोक्यांसह परत मिळणे, तसेच माझ्या मुलीला तलावाच्या काठावरील बाकावर बसू देणे.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन हिंदी अर्ज. उत्तर मिळाले नाही.

महोदय,

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी आपल्या तलावात पोहत होतो. भिंतीला हात लावून वर पाहिले तर बाकावर माझी पत्नी वनमाला नव्हती. मुलगी पूर्णिमा, वय नऊ, काठाशी एकटी उभी होती. ती म्हणाली, "आई दवाखान्यात गेली. छातीत दुखून राहिलं तिच्या. बोलली, बाबाले थांबवू नको, त्यायचं अर्धं राहिलं आहे, मी येतोच." मी मुलीला घेऊन ओल्या अंगाने रिक्षात बसलो. दवाखान्याच्या जिन्यातच डॉक्टर भेटले आणि त्यांनी सांगितले.

आधीचे अर्ज हिंदीत होते. आपण अमरावतीकडचे आहात असे आमचे शेजारी दत्तोपंत म्हणाले, म्हणून हा मराठीत लिहितो. हिंदीत मला 'वाटी द्या' एवढेच लिहिता आले. का द्या, ते मराठीतच लिहिता येईल.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करत होतो. त्यात एकाच दिवसात चारेक किलोमीटर पोहायचे, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी बेचाळीस किलोमीटर धावायचे. घरदार असलेल्या नोकरदाराने हे करू नये असे सगळे म्हणत. वनमालाही म्हणाली होती, "बाबानं कमावता नवरा पाहून देला होता, पळता नाही." पण मग तिनेच घडी बसवून दिली. सायकलने नवा रायपूरपर्यंत गेलो की येताना सदर बाजारातून सामान आणायचे. घराजवळच्या बुढातलावाच्या काठाने धावताना पूर्णिमाने शेजारून तिची सायकल चालवायची आणि मी तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. पोहण्याला मात्र घरचे काही जोडता येईना. तेव्हा ती स्वतःच मुलीला स्कूटरवर घेऊन यायला लागली आणि बाकावर बसून भाजी निवडायला लागली.

लांब पोहताना किती फेऱ्या झाल्या हे डोक्यात राहत नाही. त्यासाठी महागडी घड्याळे मिळतात. वनमालाने चिंचोके आणले. एका कापडी पिशवीत ती ठरलेल्या फेऱ्यांइतके चिंचोके मोजून भरायची. माझी एक फेरी झाली की पिशवीतला एक चिंचोका वाटीत. टाकताना ती हात वर करायची, तो मला पाण्यातून दिसायचा. पिशवी रिकामी झाली की मी बाहेर.

त्या दिवशी पिशवी तिच्या कमरेला खोचलेली राहिली आणि दवाखान्यातून तिच्या कपड्यांबरोबर घरी आली. वाटी बाकावर राहिली. झाडलोट करणाऱ्याने ती प्रामाणिकपणे जमा केली. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे.

१. भांडारातल्या बाबूंनी वाटीच्या मालकाला समक्ष सहीसाठी बोलावले. मी मृत्यूचा दाखला दिला. तर वारस दाखला आणा म्हणाले. तहसिलीत गेलो. तिथे मालमत्तेचे वर्णन विचारले. मी म्हटले, एक वाटी. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "चाचा, घर जाओ, आराम करो."

२. मी परत आल्यावर भांडारवाले नरमले. म्हणाले, "कटोरी ले जाओ, इमली के बीज फेंक देंगे. खाने का सामान लौटाना मना है." मी सांगितले की भाजल्याशिवाय चिंचोके कोणी खात नाही. ते म्हणाले, "मतलब खाते तो हैं."

३. जमा झालेले खाण्याचे सामान येत्या शनिवारी नष्ट करणार असा कागद आता दारावर लागला आहे.

मुलीबद्दल असे, की पालकाशिवाय मूल काठावर बसू नये आणि पाण्यात असलेला पालक हा पालक धरू नये, असा आपला नियम आहे. नियम बरोबर आहे, मी भांडत नाही. म्हणून शेजारच्या मीराबाईंना सोबत आणले. फाटकावर त्यांच्याकडे पोहण्यास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला मागितला. मीराबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "काहून रे बाबू, मले बुडवून राहिला का?" तरीही त्या पुन्हा यायला तयार आहेत. फक्त पाण्यात उतरणार नाहीत.

शर्यतीतून मी नाव काढून घेतले आहे. सायकल भिंतीला टांगली आहे. मी तेवढ्यावर गप्प बसलो असतो. पण पूर्णिमा रोज वाटीचे विचारते. मी घरातली दुसरी वाटी दिली, अगदी तशीच. म्हणाली, "इसमें नहीं. आईवाली में. आई का अधूरा है, पहले वो पूरा करो." आई गेली त्या दिवसापासून ती माझ्याशीही हिंदीतच बोलते. मराठी ती आईशी बोलायची.

मला पोहणे जमेल की नाही, सांगता येत नाही. तोंड पाण्यात असले की बाक दिसत नाही आणि वर काढले की दिसतो, दोन्ही सोसत नाही. पण मुलगी त्या बाकावर बसून हात वर करणार असेल, तर हे एक पोहणे मी करीन. त्यानंतर आपणास त्रास देणार नाही.

तरी शनिवारच्या आत वाटी मिळावी. आतले चिंचोके आहेत तसे असावेत. ते कोणी मोजूही नयेत, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

शालिग्राम गंगाधर खोडे
बुढापारा, रायपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१९

सोबत:
१. पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. मीराबाईंचे त्या पाण्यात उतरणार नाहीत असे लेखी, अंगठ्यासह.
३. कापडी पिशवी जोडलेली नाही. ती पूर्णिमाच्या उशाशी आहे. तिच्यात चिंचोके उरले आहेत. तेवढे पोहणे राहिले आहे.