मास्क घातला की कोंबड्या ओळखत नाहीत

४ मार्च
पुन्हा खोकला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. म्हणाले, खुराड्यातली धूळ छातीत बसलीय. आधी पाणी शिंपडा, मग झाडा, तोंडाला घट्ट मास्क लावा. जमत नसेल तर कोंबड्या देऊन टाका.
देऊन टाका! बोलायला काय जातं? ऑफिसातून दमून आलो की या घरात माझ्याकडे धावत कोण येतं? सहा कोंबड्या. त्यातही लंगडी सगळ्यात पुढे.
ठरलं. रविवारी शास्त्रशुद्ध सफाई. येताना मास्क घेतला. जाड, दोन पट्ट्यांचा.

५ मार्च
मास्क खुराड्यातच खिळ्याला टांगला. वस्तू कशी हाताशी हवी. ही म्हणाली, अहो, त्यात धूळ बसेल. म्हटलं, धूळ अडवायलाच तर आणलाय. ही आत निघून गेली. पटलं असावं.

८ मार्च, रविवार
मास्क घातला. पहिल्याच श्वासाला भुसा आणि एक पीस नाकात. हल्ली मालात दम नाही. शिवाय चष्म्यावर वाफ. शिवाय कोंबड्या बावरून कोपऱ्यात. मास्क घातला की त्या मला ओळखतच नाहीत! हे डॉक्टरांना कोण सांगणार?
मास्क हनुवटीवर घेतला. तोही घातल्यातच जमा.
पाणी नाही शिंपडलं. चिखल कोण उपसणार? श्वास रोखून कोरडंच झाडलं. श्वास निम्म्या खुराड्यापर्यंत पुरला.

१० मार्च
खोकला. शेजाऱ्यांकडे रंगकाम चाललंय, त्याचाच त्रास.

१५ मार्च, सकाळ
नवी युक्ती. टेबलफॅन खुराड्याच्या दारात लावायचा, धूळ आपोआप मागच्या जाळीतून बाहेर. मी दाराशी, सुरक्षित. ही म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकू नका.

संध्याकाळ
मागच्या जाळीवर थंडीत पत्रा ठोकला होता. मीच. धूळ गेली तशी परत आली, आणि मी आ वासून समोर उभा. खोकून खोकून खालीच बसलो. ही धावत आली, पाठ चोळत राहिली. रागावली नाही. त्याचीच धास्ती वाटली.

१६ मार्च
डॉक्टर आज माझ्याशी बोललेच नाहीत. हिच्याशीच बोलले, हळू आवाजात.
घरी येताना हिला म्हटलं, निदान लंगडीला तरी ठेवू. बघू म्हणाली. जिना चढताना दोनदा थांबलो. घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण!

२२ मार्च, रविवार
निकाल लागला. कोंबड्या राहणार. खुराड्यात जायला बंदी मला.
खिडकीतून बघतोय. हिने पत्रा उचकटला. कपाटातल्या डब्यातून नवा मास्क काढला, पट्ट्या ओढून घेतल्या, नाकावर नीट दाबला. पाणी शिंपडलं. चिखलबिखल काही झाला नाही. ओलसर भुसा झाडून पोत्यात भरला, नवा पसरला. माझा चहा अजून कोमट होता.
मग कोंबड्यांना आत घ्यायला अंगणात गेली. मास्क तोंडावर तसाच. नुसते डोळे दिसत होते. मीसुद्धा चटकन ओळखलं नसतं.
सहाच्या सहा तिच्याकडे धावल्या. लंगडी सगळ्यात पुढे.
मी काचेवर टकटक केलं. लंगडीने मान वर करून पाहिलं. मग पुन्हा दाणे टिपू लागली.